रंगाऱ्याची निळी नखं

माझा हात पाहिला की येवल्यात कोणीही सांगेल, हा रंगारी. रेशमाच्या लडी रंगवून विणकरांना द्यायच्या आणि त्यांच्या मागावर त्याची पैठणी व्हायची, हे माझं तीस वर्षांचं काम. हातमोजे मला कधी जमले नाहीत. मोजा घातला की लडी किती रंग प्यायली ते बोटांना कळत नाही. त्यामुळे दहाही नखं कायम रंगलेली. कधी राणी, कधी अंजिरी, आणि लग्नसराईच्या आधीचे दोन महिने नुसती मोरपंखी. लग्नाच्या पंगतीत बसलो की समोरची पोरं जेवण सोडून माझ्या हाताकडे बघत बसतात.

याच नखांपायी मी जवळजवळ गेलो होतो. ते सगळं लिहून काढा, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, मला कुठलं लिहिता येतंय? ते म्हणाले, बोलता तसं लिहा, पुढच्या पेशंटला उपयोग होईल. थकवा अजून गेलेला नाही. पानभर लिहिलं की आडवं व्हावं लागतं. म्हणून हे तुकड्यातुकड्यांत आहे, चालवून घ्या.

*

सुरुवात साध्या तापाने झाली. अंग ठणकत होतं, घसा धरला होता. गावात घरोघरी तेच चाललं होतं. करोनात मला शिंकही आली नव्हती, त्यामुळे या तापाला मी काय भीक घालणार? गोळी घेतली आणि भट्टीवर उभा राहिलो. मोरपंखीचा मोठा घाणा होता. उकळत्या पातेल्याची वाफ, त्यात आम्लाचा उग्र वास. रंगारी माणूस वर्षातले सहा महिने खोकतोच. माझे वडील खोकत, थोरला भाऊही खोकतो. खोकला वाढला तेव्हा मी तो वाफेच्या नावावर टाकून मोकळा झालो.

पाचव्या दिवशी ताप उतरला, पण दम लागायला लागला. पातेल्यातून ओली लडी वर उचलायची म्हणजे एरवी एका हाताचं काम. त्या दिवशी मी मध्येच काठी टेकून उभा राहिलो. माझी बायको सुनंदा लडी वाळत घालत होती. तिने ओढूनच मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बोटाला ते चिमट्याचं यंत्र लावलं. ऑक्सिजन आला ब्याऐंशी. त्यांनी दुसरं बोट घेतलं, एकोणऐंशी. मग स्पिरिटने नख पुसलं. मोरपंखी रंग स्पिरिटला थोडाच दाद देतो?

"अहो डॉक्टर, रंग हाय तो," मी हसून म्हटलं. "तुमच्या मशीनला काय कळणार? मला चांगलं बोलता येतंय की."

डॉक्टरही थोडे हसले. नखावर गडद रंग असला की यंत्र चुकतं, हे त्यांनाही माहीत होतं. तरी म्हणाले, एक्स-रे काढून घ्या. मी म्हटलं, घाणा उतरला की काढतो. त्यांचा यात काडीचा दोष नाही. समोरचा माणूस छाती काढून हसतोय आणि त्याची बोटं खरोखरच निळी आहेत, तर ते तरी काय करणार?

*

दोन दिवस असेच घालवले. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर पडलो होतो. सुनंदा जवळ येऊन बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"अहो, तुमचे ओठ काळे दिसतात."

"काळे नाय. उजेड कमी हाय हितं."

"जांभळट दिसतात."

"रंगाचं तू मला सांगती का?" मी तिच्यावर ओरडलो. म्हणजे ओरडायला गेलो, आवाज निम्माच निघाला. तीस वर्षं लोक माझ्याकडे रंग ओळखायला येतात. दोन लडींतला फरक मी चालत्या गाडीतून सांगेन. आणि माझ्याच ओठांचा रंग बायकोला दिसला, मला ऐकूनही घेता आला नाही. या हेकटपणाला काय म्हणावं?

ती उठून आत गेली. करोनाच्या वेळी घेतलेलं एक यंत्र कपाटात पडून होतं, ते घेऊन आली. सेल बदलले. मला वाटलं परत बोटाला लावणार, म्हणून मी हात पांघरुणात घेतला. तिने माझ्या पायातला मोजा काढला आणि यंत्र पायाच्या अंगठ्याला लावलं.

"पायाला कुठं रंग लागलाय तुमच्या?"

आकडा आला अठ्ठ्याहत्तर. तिने दुसऱ्या पायाला लावलं. तोच. मग स्वतःच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. तिने दादाला फोन केला, "गाडी काढा." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पलीकडच्या गल्लीत राहतो. तो बनियनवरच आला.

*

येवल्याहून नाशिक दोन तासांच्या आत येतं. आम्हाला तीन लागले. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरून गेला होता. दादा हॉर्नवर हात ठेवून बसला होता, सुनंदाने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला काचेतून कांद्याचा लाल रंग दिसत होता आणि मी आपला मनात ठरवत होतो की हा रंग कुठल्या कुठल्या मिश्रणाने येईल. माणूस मरायला टेकला तरी त्याची खोड जात नाही बघा. नाशकात शिरल्यावर द्वारकेच्या चौकात परत अडकलो. पुढचं फार आठवत नाही. चाकाची खुर्ची आठवते आणि कोणीतरी कात्रीने माझा सदरा कापत होतं ते आठवतं. नवा होता.

करोना नव्हता. फ्लू निघाला. मला ते ऐकून बरंच वाटलं, फ्लू म्हणजे सर्दी-तापच की. डॉक्टर कॉटवर वाकून म्हणाले, "काका, तुमची दोन्ही फुप्फुसं धरली आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीट समजावलं. फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे बारीक फुगे असतात, म्हणाले. नाशिकचे डॉक्टर, त्यांना द्राक्षंच आठवणार. विषाणूने त्या फुग्यांचं आतलं अस्तर खरवडून काढलं. मग त्याच्याशी लढायला माझ्याच अंगाने जी फौज पाठवली, तिने उरलंसुरलं घर मोडलं. आता फुग्यांत हवेच्या जागी पाणी होतं. वर कितीही ऑक्सिजन सोडला तरी तो पाण्यातून पलीकडे रक्तात जात नव्हता. "विषाणू दोन-चार दिवसांत जाईल," ते म्हणाले, "पण त्याने केलेली नासधूस तुम्हाला निस्तरावी लागेल. तोपर्यंत श्वास घ्यायला मदत करायची, एवढंच आमच्या हातात आहे."

तेवढ्यासाठी मग सगळं चाललं होतं. मशीनच्या आधारावर माझं मलाच श्वास घेता येतो का, की नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. बाकी सगळं त्यापुढे किरकोळ.

*

आयसीयूत दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे तुमच्या माणसाला ठेवलं तर तुम्हाला कल्पना येईल.

सकाळी अंग पुसतात. पाणी कोमट असतं, पण वाऱ्याने अंगावर काटा येतो. मग एक्स-रेचं यंत्र ढकलत कॉटपाशी आणतात आणि पाठीखाली थंडगार पाटी सरकवतात. मग मनगटातलं रक्त. हे साधं रक्त नसतं, खोल धमनीतलं असतं, आणि ते काढताना डोळ्यांतून पाणी येतं. नंतर नुसतं पडून राहायचं. तोंडावर मास्क घट्ट बांधलेला, आत हवा अशी घुसते की आपण मोटारसायकलवर तोंड उघडं ठेवून बसलोय असं वाटतं. बोलता येत नाही. तहान लागते आणि पाणी देत नाहीत. वॉर्डातले एक मामा कापसाचा ओला बोळा ओठांवरून फिरवायचे. त्या बोळ्याची मी जेवढी वाट पाहिली तेवढी आयुष्यात कशाचीच नाही.

भीती वाटायची का? वाटायची. पण खरं सांगू, भीतीपेक्षा कंटाळा जास्त होता. एकेक श्वास ओढून घ्यावा लागत होता आणि मला त्या कामाचा वीट आला होता. मरण्याची भीती ही दम असलेल्या माणसाची चैन आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

तिसऱ्या दिवशी मिशीमुळे मास्कातून हवा गळत होती, म्हणून सिस्टरने ती काढली. सुरगाण्याकडची पोरगी, नाव कल्पना. "काका, परत येईल हो मिशी," म्हणाली. मला काहीच वाटलं नाही. पण अकरा वाजता दादा भेटायला आला आणि दारातच थबकला. आमच्याकडे माणूस मिशी उतरवतो ती वडील गेल्यावर. दोघा भावांनी एकदाच, एकाच दिवशी उतरवली होती.

"ह्याची मिशी कोणी काढली?" तो सिस्टरवर ओरडला. मग मान वळवली आणि खांदे हलायला लागले. माझा दादा कडक माणूस. त्याने त्या क्षणी मला मनातून पोचवलं होतं, हे मला कॉटवरून दिसलं.

*

तेव्हापासून दादाने एकच धोशा लावला. याला घरी न्यायचं. करोनात आमचा चुलतभाऊ व्हेंटिलेटरवर गेला आणि परत आला नाही. दादाने ते सगळं स्वतः पाहिलं होतं.

"नळी घातली की माणूस परत येत नाय, सुनंदा. निदान आपल्या घरात, आपल्या माणसात तरी..."

"डॉक्टर म्हणतात अजून आशा हाय."

"ते म्हणणारच!"

हे सगळं पडद्याच्या पलीकडे, मला ऐकू येईल अशा आवाजात. मास्क लावलेल्या माणसाला ऐकूही येत नाही, असा लोकांचा समज असतो. नातेवाइकांनी कृपा करून बाहेर जाऊन भांडावं.

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत सुधारणा दिसली नाही तर नळी घालावी लागेल. त्यांना मी पालथा झोपायला हवा होतो. पाठीवर पडून राहिलं की फुप्फुसाचा मागचा भाग दबून राहतो, पालथं झालं की तो उघडतो. हे मला समजलं नव्हतं असं नाही. लडी पातेल्यात एकाच अंगावर पडू दिली तर खालच्या पदरात रंग शिरत नाही, काठीने सारखी उलटवावी लागते. सगळं कळत होतं. पण माझं पोट मोठं, मास्क बोचायचा, आणि पालथं झालं की कोणीतरी गोणी टाकल्यासारखं गुदमरायचं. कल्पना सिस्टर दोन दिवस विनवत होती. मी दहा मिनिटांत परत उताणा.

अकरा वाजता सुनंदा आली. मी खूण करून तिला जवळ बोलावलं, मास्क थोडा उचलला आणि हात जोडले.

"मला घरी ने."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी परत म्हटलं. बायकोसमोर हात जोडायची माझी ती पहिलीच वेळ. तिने माझ्या उघड्या पायांवर चादर ओढली, कडा गादीखाली खोचल्या आणि काही न बोलता निघून गेली.

मला असा राग आला म्हणून सांगू. हात जोडले तरी दगड! परत आली तर तोंड बघणार नाही, असं ठरवलं आणि त्या रागात, सगळ्या नळ्यांसकट, मी पालथा झालो. भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे मी चक्क रुसलो होतो. एवढा मोठा बाप्या, रुसून पालथा.

"शाब्बास काका!" कल्पना धावत आली, छातीखाली, कमरेखाली उश्या सरकवल्या. मी तिच्याशीही बोललो नाही. गुदमरलो तरी वळलो नाही, कारण वळलो तर दाराकडे तोंड होणार होतं. दुपारचा चहा फिरेपर्यंत तसाच होतो. मध्ये केव्हातरी झोप लागली, पाच दिवसांतली पहिली. जागा झालो तेव्हा कल्पना मशीनकडे बोट दाखवत होती. शहाऐंशीवरचा आकडा एक्क्याण्णववर आला होता.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस थांबू." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. नळी घालावी लागली नाही. मी दिवसातून तीन वेळा पालथा होत राहिलो, तेव्हा मात्र डॉक्टरांसाठी.

*

बाविसाव्या दिवशी घरी आलो, नाकात नळी आणि खोलीत घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन घेऊन. हॉस्पिटलातून घरी आलं की संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, आता कुठे सुरुवात असते.

मोरीपर्यंत जायचं म्हणजे मध्ये एकदा बसायचं. स्टुलावर बसून आंघोळ. दात घासताना दम लागायचा, हात वर करून सदरा घालताना लागायचा. हसलो की खोकला यायचा. बघायला येणारे हळद सांगायचे, ओवा सांगायचे, आणि कोणीतरी गेलेल्याची गोष्ट सांगून उठायचे. मी चिडायचो, मग चिडण्यानेही दमायचो. भट्टीवर दादाची सून आणि सुनंदा उभ्या राहिल्या. हातमोजे घालून. रंग उत्तम उतरत होता, तेही मला सुरुवातीला झोंबलं.

दादा आणि सुनंदा एकमेकांशी कामापुरतंच बोलत. मला वाटायचं, तिने त्याचं ऐकलं नाही म्हणून. येईल त्याला मी सांगायचो, "माझी बायको खंबीर म्हणून मी वाचलो. मी हात जोडले तरी बाई हलली नाय!" सुनंदा तेवढ्यात चहा ठेवायला आत जायची.

*

तीन महिन्यांनी नाशिकला चालण्याची तपासणी होती. हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं ऑक्सिजनशिवाय चालायचं, बोटाला यंत्र. आकडा फार घसरला तर मशीन कायमचं घरात राहणार. सुनंदा बाकावर पदर घट्ट धरून बसली होती. चौथ्या मिनिटाला पाय जड झाले. कोणी घाई करत नव्हतं, तरी मला वाटलं सगळा व्हरांडा माझीच वाट बघतोय. थांबलो नाही. शेवटी आकडा ब्याण्णव होता.

डॉक्टर म्हणाले, मशीन परत करा. पण फुप्फुसाच्या खालच्या भागात वण राहिलेत, ते आता राहणार. वाफेवर आणि आम्लावर पुन्हा उभं राहायचं नाही. मी मान हलवली. भांडायचा दम नव्हता, आणि खरं तर इच्छाही नव्हती.

बाहेर टपरीवर चहा घेतला. मला भरून आलं होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी तू नाय म्हणालीस, म्हणून आज हितं उभा राहून चहा पितोय."

तिने कप खाली ठेवला.

"मी नाय म्हटलंच नव्हतं."

मला कळेना.

"तुम्ही हात जोडलेत ना, मला बघवलं नाय. दादांना म्हटलं, आणा गाडी खाली. आमच्या जबाबदारीवर घरी नेतो, असं लिहून द्यायचा कागद असतो. तो घ्यायला मी गेले. काउंटरवरची बाई जेवायला गेली होती. अर्धा तास बाकावर बसून राहिले. ती आली, तिने कागद पुढे केला, मी पेन उघडलं, आणि ती कल्पना जिना उतरून पळत आली. म्हणाली, काकू, काका पालथे झालेत, आकडा वर चाललाय." ती थांबली. "दादा म्हणाले, तरी सही कर. मी पेन टाकून वर आले. दादा तेच मनात धरून बसलेत. आणि तुम्ही आपले गावभर सांगत सुटलात, बायको खंबीर. मी काय बोलणार? मी तुम्हाला मरायलाच नेत होते हो."

रस्त्यावर रिक्षा, टेम्पो, नुसता कालवा चालला होता.  मग जे खरं होतं तेच सांगितलं.

"मी तरी कुठं बरं व्हायला पालथा झालो होतो? तुझ्यावर रुसलो होतो. तोंड बघायचं नव्हतं तुझं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं हसेल.

"बरं झालं रुसलात," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. सगळ्या आजारपणात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. टपरीवाल्याने बाक पुढे सरकवला, आणि आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.